चाकपट्टी

डोमाजी उंदिरवाडे यांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. "कोणाच्या तुम्ही?" हेही विचारलं नाही, आणि त्या काळात आमच्या भागात हा प्रश्न नावाच्याही आधी यायचा. मी बांबूच्या रिकाम्या ट्रकच्या केबिनमध्ये ट्रंकेवर पाय ठेवून बसले होते. कोसमटोल्याच्या शाळेवर मास्तरीण म्हणून हजर व्हायचं होतं आणि तिकडे जायला दुसरं वाहन नव्हतं. मोठा रस्ता सोडून ट्रक जंगलात वळला आणि लगेच वाट अडवणाऱ्या एका आडव्या लाकडी बल्लीपाशी थांबला. बल्लीच्या बाजूला कुडाची झोपडी आणि झोपडीसमोर छत्री उघडून उभा असलेला एक उंच, वाळका माणूस. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, छत्री मात्र होती. तो केबिनच्या पायरीवर चढला, मान आत घालून ड्रायव्हरसमोरचा किलोमीटरचा काटा वाचला आणि मग मला म्हणाला, "कुठपर्यंत, बाई?"

"कोसमटोला."

"म्हंजे पूरा रस्ता!" तो इतका खूश झाला, की मी जणू त्याच्याच घरी मुक्कामाला निघाले होते. "अर्ध्यातून उतरणारेच लई भेटतेत. पूरा रस्ता जाणारं माणूस भेटत नाई."

मी नागभीडची. जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलीला दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या ऐकायची सवय असते. या माणसाला एका रस्त्याचं एवढं काय कौतुक, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला एक पावसाळा जावा लागला.

कोसमटोला हे सावली या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, जंगलात खोल शिरलेलं गाव. त्याच्या पुढे रस्ता नाही. जो होता तो गावच्या जंगल कामगार संस्थेने आपल्या हातांनी फोडलेला, कूपांतला बांबू आणि लाकूड बाहेर काढण्यासाठी. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. असे कूप रस्त्याच्या दोन्ही अंगांना होते, काही मोठ्या रस्त्याच्या फाट्याजवळ, काही पार गावाच्या पलीकडे. ठेकेदारांचे ट्रक हिवाळाभर त्या रस्त्यावरून धावायचे आणि होळी येईपर्यंत त्याची चाळण करून ठेवायचे. मग पाऊस लागला की गाव बंद. बाळंतीण असो की तापाने फणफणलेलं पोर, बैलगाडीत घालायचं आणि चाकं चिखलात रुतली की खाली उतरून ढकलायचं. त्या पहिल्या पावसाळ्यात मीही ढकललं. एक चप्पल अजून तिथेच असेल.

डोमाजीभाऊ त्या संस्थेचे सचिव. शिक्षण सातवी, अक्षर सुबक, आवाज बारीक. सभेत बोलायला उभे राहिले की आधी घसा खाकरायचे आणि तेवढ्यात दुसरा कुणी बोलून घ्यायचा. असा माणूस एवढी मोठी गोष्ट कशी घडवून आणतो, याचं मला नवल वाटायचं. पण गोष्ट मुळात त्यांची नव्हतीच, तलावाची होती.

आमच्या झाडीपट्टीत तलाव फार. पावसात तलावाची पाळ फुटली की गाव माती टाकायला निघतं. कुणी किती माती टाकायची यावर तिथे भांडण होत नाही. धानाच्या वाफ्याला आम्ही बांधी म्हणतो. ज्याच्या बांध्या जास्त भिजतात, त्याच्या घरून जास्त माणसं पाळीवर जातात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडतही कुणी नाही. डोमाजीभाऊंनी हीच रीत उचलून रस्त्यावर आणून ठेवली. रस्ता वापरायचा तर पट्टी द्यायची, आणि ती जितका रस्ता वापराल तितकी. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही चाकपट्टी. जाताना अंदाजाने आगाऊ घ्यायची आणि परतताना काटा वाचून हिशेब पुरा करायचा.

ही मी यायच्या थोडं आधीची गोष्ट. ट्रकवाले म्हणाले, पट्टी घ्या, पण खेपेमागे सरसकट घ्या. जवळचा-दूरचा भेद नको. त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली सभा होती आणि त्या दिवशी डोमाजीभाऊंनी घसा खाकरला नाही. "पहिल्या कूपातून भरून पळणारा आन् गावापलीकडून सागाचे लठ्ठे आणणारा, दोघायले सारखंच काऊन? जो जेवढा रस्ता घासन, तो तेवढी माती टाकन. पाळीवर असंच करतो ना आपून?" म्हातारे लोक मान डोलावू लागले आणि ट्रकवाल्यांच्या लक्षात आलं, की आता इथे वाद घालणं म्हणजे तलावाशी वाद घालणं आहे. वरची परवानगीही आली. डोमाजीभाऊंनी कचेरीत इतक्या खेपा घातल्या होत्या, की साहेबांनी कागद पाहण्याऐवजी त्यांचा चेहरा पाहूनच सही केली असावी.

पट्टीचं करायचं काय हेही ठरलं होतं. "आधी मुरूम, मंग बस." हे त्यांचं ब्रीदवाक्य. रस्ता दर हिवाळ्यात मुरूम टाकून नीट करायचा, आणि तो नीट राहिला की गावाची स्वतःची बस घ्यायची, कोसमटोला ते सावली, रोज. लोक एकमेकांना जयभीम करतात, रामराम करतात, डोमाजीभाऊ जयभीम करायचे आणि पाठोपाठ म्हणायचे, "आधी मुरूम, मंग बस."

त्यांची बायको शेवंताबाई सावलीची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तोंडाने फटकळ. दोघं त्या बल्लीपाशीच राहायची. ती ट्रकवाल्यांना चहा करून द्यायची आणि चहाबरोबर नवऱ्याची थट्टाही. "बाई, आमच्या घरी पाहुना आला ना, तं हे त्याचं तोंड मागून पाह्यतेत, पहिले गाडीचा काटा पाह्यतेत." डोमाजीभाऊ ऐकलं न ऐकलं करायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. मूलबाळ नव्हतं. तरी त्या झोपडीत कधी सुनंसुनं वाटलं नाही, कारण एकटी शेवंताबाई चार माणसांचं बोलायची आणि ऐकणारा माणूस तिला चार माणसांइतका मिळाला होता.

आता कर आला की चुकवणं आलंच. ट्रकचा काटा बंद पाडणं ही ड्रायव्हरांची साधी हातचलाखी. खालची वायर सैल केली की गाडी पळते आणि काटा झोपतो. परतताना ड्रायव्हर गरीब तोंड करून सांगायचा, "काटा बिघडला, भाऊ. पहिल्याच कूपात जाऊन आलो." डोमाजीभाऊ कुणालाही खोटारडा म्हणाले नाहीत. "बरं," म्हणायचे आणि पुढच्या खेपेला छत्री मिटून स्वतः केबिनमध्ये चढून बसायचे. "तुया काटा बिघडला ना, मंग मीच काटा." बल्लीवर तेवढा वेळ शेवंताबाई. ट्रक जिथवर जाईल तिथवर जायचे, उतरायचे आणि ट्रक भरायला वेळ लागणार म्हणून पायी परत फिरायचे.

एकदा शाळा सुटल्यावर ते मला असे गावाबाहेर भेटले. एकटेच, छत्री उघडून, सागाच्या वाळल्या पानांवर करकर पावलं वाजवत निघालेले. मी म्हटलं, "भाऊ, वाघाचं भय नाही वाटत?"

"वाघ चाकावर नाई फिरत, बाई. त्याचं माह्याशी का काम?"

आणि एकदा एका ड्रायव्हरचा काटा खरोखरच बिघडलेला निघाला. डोमाजीभाऊ त्याच्याबरोबर उगाच जाऊन आले. मग इतके ओशाळले, की शेवंताबाईला कोंबडी कापायला लावली आणि त्या ड्रायव्हरला बसवून जेवू घातलं. तो बिचारा जेवताना जास्तच घाबरला होता.

सगळ्यात मोठी पंचाईत मात्र केली ती पायी चालणाऱ्यांनी. आतल्या टोल्यांवरचे, म्हणजे पाड्यांवरचे, गोंड लोक सावलीच्या बाजाराला याच रस्त्याने चालत जायचे. बल्लीपाशी प्रत्येक ट्रक थांबतो आणि काहीतरी देऊन पुढे जातो, हे त्यांनी पाहिलं. जंगलातल्या पाऊलवाटांवर अशा जागा असतातच, जिथे देवाला पान नाहीतर दगड ठेवल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की ही बल्लीही त्यातलीच. एक दिवस डोमाजीभाऊ बघतात तो बल्लीच्या बुडाशी सागाच्या पानावर मूठभर तांदूळ. दुसऱ्या बाजारी तांदूळ, मोहफुलं, थोडी चारोळी. आणि गंमत अशी, की दूरच्या टोल्यावरची बाई दोन मुठी ठेवायची आणि जवळची एक. चाकपट्टीचं मर्म ट्रकमालकांच्या डोक्यात शिरवायला सभा घ्यावी लागली होती. इथे न सांगता शिरलं होतं.

डोमाजीभाऊ हवालदिल झाले. वाटेत उभे राहून एका म्हातारीला विनवू लागले, "माय, हे तुमाले नाई. चाकवाल्यायले हाय."

"आमी बी तं घासतो ना रस्ता," म्हातारी म्हणाली. "तुमीच तं म्हनता, घासन तो देईन."

शेवंताबाई हसून हसून खाली बसली. डोमाजीभाऊंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. उत्तर सुचायला त्यांना पुढचा बाजार लागला. मग त्यांनी नियम केला, की पायी माणसाने पट्टी म्हणून फक्त खबर द्यायची: कुठे खड्डा पडला, कुठे मोरी दबली. बायांना हे फारच आवडलं. खड्ड्यांबरोबर कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं, तेही त्या सांगू लागल्या, आणि डोमाजीभाऊ सगळं नीट ऐकून घ्यायचे, कारण कोणतं वाक्य मोरीचं निघेल सांगता येत नव्हतं. तोवर साठलेला तांदूळ त्यांनी शाळेत पाठवला आणि मी पोरांना खिचडी करून घातली.

असं सगळं चाललेलं असताना दिवाळी आली. शेवंताबाई भाऊबीजेला सावलीला गेली. तिचा भाऊ मनोहर याचे दोन ट्रक होते. आजवर ते दुसऱ्या जंगलात चालायचे, त्या वर्षी मात्र त्याला आमच्याच कूपांचं काम मिळालं होतं. सुटी संपवून मी सावलीला पोचले तेव्हा तो बहिणीला सोडून पुढे कूपात जायला निघाला होता, म्हणून मीही त्याच्याच ट्रकमध्ये बसले. शेवंताबाईच्या मांडीवर अनरशांचा डबा होता. वाटभर ती त्यातला एकही कुणाला द्यायला तयार नव्हती, "पहिले ते खातीन," म्हणे.

बल्लीपाशी आल्यावर मनोहरने लांबूनच हॉर्न वाजवला. बल्ली आपोआप वर जाईल असं त्याला वाटलं असावं. डोमाजीभाऊ पुढे आले, बायकोकडे पाहून "आली का," म्हणाले, कान लाल झाले, आणि मग सवयीने पायरीवर चढून काटा वाचू लागले.

"आता काटा नका पाहू, भाटो," मनोहर हसत म्हणाला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटो म्हणतात. "बहीण बसली हाय गाडीत."

"तिचं काई नाई. चाकाचं हाय."

मनोहरचं हसू गेलं. "मी का परका हावो?"

मागे आणखी ट्रक येऊन उभे राहिले होते. ड्रायव्हर खाली उतरून गंमत पाहू लागले. शेवंताबाई हळूच म्हणाली, "आजच्या दिवस राहू द्या ना." एवढ्या हळू बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"मागं लायन लागली हाय, शेवंता. आज याले सोडलं तं उद्या कोनाले थांबवू?"

त्यांचं बरोबर होतं. तेच तर दुखणं होतं. शेवंताबाईने पदराची गाठ सोडली. भावाने आदल्या दिवशी ओवाळणीच्या ताटात टाकलेल्या नोटा काढल्या आणि नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. डोमाजीभाऊंनी त्या घेतल्या. बल्ली वर गेली. तेव्हा ती भावाला म्हणाली, "गाडी फिरव, दादा."

मी ट्रंक घेऊन उतरले. मनोहरने ट्रक मागेपुढे करत वळवला आणि तो मोठ्या रस्त्याकडे निघाला. डोमाजीभाऊ हातातल्या नोटांकडे पाहत उभे होते. मग एकाएकी छत्री टाकून ते ट्रकच्या मागे धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. लांब पाय, उडणारं धोतर, "थांब, थांब" असा बारीक आवाज. ड्रायव्हरांपैकी एक जण "शाब्बास भाऊ!" असं ओरडला. माझाही जीव भांड्यात पडला. ट्रक थांबला. शेवंताबाईने दार उघडायला कडीला हात घातला होता, तो मला स्पष्ट दिसला.

डोमाजीभाऊंनी नोटा वर केल्या. "गाडी रस्त्यावर गेलीच नाई," ते धापा टाकत म्हणाले. "मंग हे लागत नाई."

कडीवरचा हात आत गेला, परत बाहेर आला, नोटा घेतल्या. ट्रक निघून गेला.

मला असा संताप आला, की ट्रंक त्यांच्या डोक्यात घालावी. परत आल्यावर ते मला म्हणाले, "न लागणारे पैसे कसे ठेवू, बाई?" आणि त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. माणूस रडत होता आणि ते त्याला कळलेलंही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात बस आली. मूल गावच्या एका मालकाची जुनी बस संस्थेने विकत घेतली, रंग दिला. सावलीचा रहीमभाई ड्रायव्हर म्हणून ठेवला. गावाने नारळ फोडले, झेंडूच्या माळा घातल्या, म्हाताऱ्या बायांनी टायरांना हळदकुंकू लावलं. डोमाजीभाऊ त्या सोहळ्यात नव्हते. ते बल्लीवर होते. भरलेली बस गाणी म्हणत तिथे पोचली तर हे पायरीवर चढून तिचा काटा वाचायला लागले. संस्थेची बस, संस्थेचा रस्ता, संस्थेचीच पट्टी; या खिशातून त्या खिशात. लोक पोट धरून हसले. "हसा," ते म्हणाले, "पन घरचं म्हनून सोडाचं नाई."

बस सावलीला जिथे थांबायची ती जागा बरोबर मनोहरच्या घरासमोर होती. यात कुणाचा हेतू नव्हता, तिथे लिंबाची सावली होती म्हणून. सकाळी बस तिथे जायची, थोडा वेळ थांबायची आणि ठरल्या वेळी परत निघायची. परतीच्या वेळी डोमाजीभाऊ बल्ली वर करण्याआधी बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक खिडकीत पाहायचे. मग रहीमभाई आपणहून सांगायचा, "भाभी दिखली होती, भाऊ. अंगणात होती. बरी हाय." डोमाजीभाऊ नुसतं "हो का," म्हणायचे आणि बल्ली वर करायचे.

मी कितीदा म्हटलं, "भाऊ, एक दिवस बसा ना या बसमध्ये. जाऊन या."

"बल्लीवर कोन राहीन? पहिले ती राहे." मग म्हणायचे, "ज्या दिवशी मी नसीन, त्याच दिवशी मनोहरच्या गाड्या येतीन. लोक म्हनतीन, जाणूनच गेला. एक दिवस रस्ता सरकार घेईन. चाकपट्टी संपू द्या, बाई. मंग आमच्यात भांडणाचं काई उरनच नाई."

हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. बाबासाहेबांच्या जयंतीला त्यांचा सगळा मोहल्ला निळे झेंडे लावून बसने सावलीच्या मिरवणुकीला गेला. डोमाजीभाऊंनी फुलांसाठी पैसे दिले, पांढरा सदरा घातला आणि बस गेल्यावर तो सदरा घालून दिवसभर बल्लीजवळ एकटेच बसून राहिले. झोपडीत चूल पेटायची तेवढी. चहा आता ड्रायव्हरांनाच करून घ्यावा लागायचा. बोलायला म्हणून बाजाराला जाणाऱ्या त्या गोंड बाया. त्यांच्याकडून ते आता खड्ड्यांची खबर ऐकून घ्यायचे आणि ती संपली तरी "अजून काई?" असं विचारायचे. बाया घाईत असायच्या. त्या पुढे गेल्या की ते छत्री उघडून उभे राहायचे. एकटेपणाला माणसं दारू पितात, देवदेव करतात. यांनी एक रस्ता धरून ठेवला होता. मला त्यांची कीव यायची आणि कीव आली की त्यांचा रागही यायचा.

मग एका उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. माझी बदली नागभीडजवळ झाली, आणि रस्ता सरकारने आपल्याकडे घेतला. डांबराची पिंपं येऊन पडली. आता संस्थेची चाकपट्टी राहणार नव्हती. बल्ली डोमाजीभाऊंनी स्वतःच्या हातांनी उपटली.

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन बसमध्ये बसले. फाट्यावर बस थांबली आणि डोमाजीभाऊ आत चढले. दाढी केलेली, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. ते रहीमभाईला म्हणाले, "येताना दोन जागा राख बरं." रहीमभाईने मागे वळून मोठ्याने सांगितलं, "राखतो ना, भाऊ, सामनेवाल्याच राखतो!" आणि लोक एकमेकांकडे पाहून हसले. ते माझ्या शेजारी बसले. स्वतः आणलेल्या बसमध्ये ते पहिल्यांदाच बसत होते. थोड्या वेळाने लहान पोरासारखे म्हणाले, "चांगली चालते, नाई?"

सावलीला उतरल्यावर मात्र ते बसच्या दारापाशीच थांबले. "तुमी बी चाला, बाई," म्हणाले. मला मूलकडची गाडी मिळायला वेळ होता. आम्ही रस्ता ओलांडून मनोहरच्या अंगणात गेलो. शेवंताबाई बाजेच्या बाजूला लाखोळीची डाळ वाळत घालत होती. अनवाणी, पदर खोचलेला. आम्हाला पाहून उठली, आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. आधी मला दिलं, मग त्यांना. पाहुण्याला देतात तसं.

"चाकपट्टी बंद झाली," डोमाजीभाऊ म्हणाले.

"आयकलं."

"बल्ली काढली. मनोहरले सांग, आता काई लागत नाई."

"सांगीन."

रस्त्यावर बसमध्ये माणसं चढत होती. डोमाजीभाऊंनी घसा खाकरला. "मंग... चालतं का?"

शेवंताबाईने बसकडे पाहिलं. "गाडी तं रोजच येत होती," ती म्हणाली. "इथीच थांबे, माह्या दारासमोर. रोज मी पाहत होती, आज कोन उतरते." मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मले चाकपट्टीचं का घेनं होतं?"

डोमाजीभाऊंनी "बल्लीवर कोनी..." एवढंच म्हटलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानांना ऐकू आलं. शेवंताबाईने रिकामा तांब्या उचलला. "अजून आनू का पानी?"

"नाई."

ती आत गेली. डोमाजीभाऊ मला नमस्कार करून बसकडे गेले.

मी लिंबाखाली ट्रंकेवर बसले होते. तिथून ते मला पुढच्या खिडकीत दिसत होते. शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली होती. बाजाराचा दिवस होता, बस खच्चून भरली. कुणी विचारलं, तर "हाय कोनी," म्हणत होते. सुटायची वेळ झाली. रहीमभाईने मनोहरच्या दाराकडे पाहिलं आणि तो खाली उतरला. टायरला लाथ मारून पाहिली. फडकं घेऊन काच पुसली. पुसलेली काच पुन्हा पुसली. आतले लोक ओरडायला लागले, "काऊन थांबून राह्यला, बे?" रहीमभाई ऐकेना.

शेवटी डोमाजीभाऊंनीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चाल रहीम. टैम झाला."

मग त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि दांडीला लोंबकळत उभ्या असलेल्या एका म्हातारीला म्हणाले, "बसा माय. रिकामी हाय जागा."

बस निघाली. तिची धूळ अजून खाली बसली नव्हती, तोच शेवंताबाई दारातून बाहेर आली. खोचलेला पदर नीट घेतला होता, पायात चपला होत्या आणि काखेत गाठोडं. तिने लिंबाखाली पाहिलं, मग रस्त्याच्या टोकाकडे.

"गेली का?"

मी रस्त्यावर धावले, दोन्ही हात हलवले, ओरडले. पण त्या धुळीत कुणाला काय दिसणार? मी परत आले तेव्हा ती तिथेच उभी होती.

"आत्ताच गेली," मी म्हटलं. "रहीमभाई थांबला होता गं. भाऊंनीच..."

"मालूम हाय," शेवंताबाई म्हणाली. "टैम नाई चुकवत ते."

तिने गाठोडं बाजेवर ठेवलं, चपला काढल्या आणि खाली बसून हाताने डाळ पसरू लागली.